आदिवासी पाडे आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातील आरोग्याची दरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका समाजाचे आरोग्य दुसऱ्या समाजापेक्षा वाईट असणे ही नैसर्गिक गोष्ट आहे, की तिच्यावर उपाय आहे?

वय, आनुवंशिकता आणि योगायोग यांमुळे दोन माणसांच्या प्रकृतीत फरक पडतोच आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. परंतु एखाद्या संपूर्ण समाजातील बालके शेजारच्या समाजातील बालकांपेक्षा सातत्याने जास्त संख्येने दगावत असतील, आणि ज्या आजारांनी ती दगावतात त्यांवरचे उपचार स्वस्त असून वर्षानुवर्षे माहीत असतील, तर तो फरक निसर्गाच्या माथी मारता येत नाही. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ४२ बालके पाच वर्षांची होण्यापूर्वीच मृत्यू पावत होती. अनुसूचित जमातींमध्ये हे प्रमाण सुमारे ५० होते. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण आकडा २८ होता.

उपाय आहे, हेही आकडेच सांगतात. आदिवासींच्या आरोग्याविषयी केंद्र सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, देशातील आदिवासींमध्ये पाच वर्षांखालील बालमृत्यूचे प्रमाण १९८८ मध्ये हजारी १३५ होते, ते २०१४ मध्ये ५७ पर्यंत उतरले. मृत्यू कमी झाले, परंतु इतरांचेही कमी होत गेल्यामुळे अंतर शिल्लक राहिले. ते अंतर कशाने मिटते आणि कशाने मिटत नाही, एवढाच या पानाचा विषय आहे.

राज्याचे आरोग्याचे आकडे सुधारत असताना वेगळी चिंता करण्याचे कारण काय?

कारण सरासरीत दूरचे पाडे बुडून जातात. अमरावती जिल्ह्याची सरासरी काढली, की अमरावती शहर आणि मेळघाटातील धारणी-चिखलदरा हे तालुके एकाच आकड्यात येतात. पालघर जिल्ह्यात वसई-विरारची दाट नागरी वस्ती आहे आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगरही आहेत. गडचिरोलीत देसाईगंज रेल्वेमार्गावर आहे, तर भामरागडमधील कित्येक गावांचा पावसाळ्यात नद्यांना पूर आला की बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. जिल्ह्याचा एकच आकडा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला यातील कोणतीच गोष्ट दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी तरतूदही होत नाही.

म्हणून पहिली मागणी अगदी साधी असली पाहिजे : आकडे तालुक्याचे, उपकेंद्राचे आणि शक्य तिथे पाड्याचे हवेत, आणि ते समाजनिहाय वेगळे मांडलेले हवेत. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिम गटांत मोडतात. त्यांची स्थिती इतर आदिवासींच्या आकड्यांतही झाकली जाऊ शकते, कारण आदिवासी हा एकसंध समाज नाही.

सर्वांना सारखीच योजना दिली, तर दरी आपोआप कमी होणार नाही का?

बहुतेक वेळा होत नाही, कधीकधी वाढते. नवी सेवा सुरू झाली की तिचा लाभ प्रथम तो घेतो जो रस्त्यालगत राहतो, ज्याला अर्ज भरता येतो आणि ज्याची एका दिवसाची मजुरी बुडली तरी संध्याकाळची चूल पेटते. शेवटच्या पाड्यापर्यंत ती पोहोचेस्तोवर पहिल्या गटाने आणखी एक पायरी गाठलेली असते.

शासनाच्या निकषांमध्ये याची जाणीव काही प्रमाणात आहे. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे असा निकष आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात तो तीन हजारांवर आणलेला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे अनुक्रमे तीस हजार आणि वीस हजार आहेत. तरीही हा हिशेब माणसांच्या संख्येचाच राहतो. सातपुड्यात तीन हजार माणसे कित्येक पाड्यांत विखुरलेली असतात, मध्ये नाले आणि घाट असतात, आणि एकच परिचारिका तिथे पायी फिरते. सपाटीवरील पाच हजार लोकांची सेवा करण्यापेक्षा हे काम कठीण आहे. निकष चालत जायला लागणाऱ्या वेळावर ठरवला गेला, तर या भागाला खऱ्या अर्थाने न्याय मिळेल. मागे राहिलेल्या भागाला समान वाटा देऊन भागत नाही, त्याला अधिक द्यावे लागते आणि आधी द्यावे लागते.

एखाद्या कार्यक्रमाने ही दरी प्रत्यक्ष कमी झाल्याचे खात्रीलायक उदाहरण आहे का?

आहे, आणि ते महाराष्ट्रातीलच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून नवजात बालकांच्या मृत्यूंची पद्धतशीर नोंद ठेवली. त्या वेळी तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे ६२ पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावत होती. बाळंतपणे घरी होत, रुग्णालय दूर असे, आणि बाळंतिणीला व बाळाला काही दिवस घराबाहेर न नेण्याची रीत होती. आजारी बाळाला रुग्णालयात आणा, असे सांगत राहण्यात अर्थ नव्हता. उपचारच घरापर्यंत नेणे भाग होते.

संस्थेने ३९ गावांत त्याच गावांतील, जेमतेम शाळा शिकलेल्या स्त्रियांना निवडले आणि त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, ताप आणि श्वासाची गती मोजणे, बाळ रडले नाही तर त्याला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणे आणि स्तनपानासाठी आईला मदत करणे त्या शिकल्या. जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून, आईवडिलांच्या संमतीने, घरातच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचेही प्रशिक्षण त्यांना मिळाले. हे शेवटचे काम गावातील स्त्रीच्या हाती सोपवण्याला त्या काळी वैद्यकीय क्षेत्रातून तीव्र शंका घेतल्या गेल्या, आणि शंका घेणे गैरही नव्हते, कारण प्रश्न जिवाचा होता. म्हणूनच ४७ गावे तुलनेसाठी बाजूला ठेवून प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू दोन्हीकडे मोजला गेला. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी सुमारे २५ पर्यंत उतरला होता, आणि तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्के भरली. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट मला औषधांपेक्षा क्रमाची वाटते. आधी मृत्यू मोजले गेले, मग त्यांची कारणे शोधली गेली, मग त्या कारणांवरचे उपचार कोण, कुठे आणि कोणत्या दिवशी देणार हे ठरले. आपल्याकडील बऱ्याच योजनांचा प्रवास नेमका उलट असतो : आधी वस्तू खरेदी होते आणि नंतर ती कोणाला वाटायची ते ठरते.

आज आशा स्वयंसेविका घरभेटी देतात, ते हेच काम आहे का?

बऱ्याच अंशी. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यातून आशा स्वयंसेविका उभ्या राहिल्या, आणि २०११ पासून घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम देशभरात त्यांच्याकडे आले. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी द्यायच्या असतात. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची भेट धरून सात. २०१८ पासून बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंतच्या तिमाही भेटीही त्यांना जोडल्या गेल्या.

एक महत्त्वाचा फरक मात्र आहे. आशा धोक्याची लक्षणे ओळखून बाळाला पुढे पाठवते, इंजेक्शन देत नाही. पुढे पाठवणे म्हणजे गाडी, रस्ता, उघडे असलेले केंद्र आणि तिथे हजर असलेला डॉक्टर, या साऱ्यांवर विसंबणे. ही साखळी शाबूत असते तिथे व्यवस्था उत्तम चालते, आणि नेमक्या दुर्गम भागातच ती तुटते. शिवाय एकाच आशेवर लसीकरण, क्षयरोग, हिवताप, गरोदर नोंदणी, सर्वेक्षणे आणि मोबाइलमधील नोंदी अशी कामे साठत गेली आहेत. तिला नियमित वेतन नाही, ठरावीक मानधन आणि कामागणिक मोबदला आहे आणि तोही अनेकदा रखडतो. ज्या स्त्रीच्या पायांवर हा संपूर्ण कार्यक्रम उभा आहे, तिचा मोबदला वेळेवर देणे ही आरोग्याची गुंतवणूक मानली गेली पाहिजे.

रस्ताच नसेल, तर बाळंतपणासाठी रुग्णालयात कसे पोहोचायचे?

यावर सर्वांत व्यवहार्य उत्तर म्हणजे कळा सुरू होण्यापूर्वीच पोहोचणे. आदिवासी भागातील निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ बांधले गेले आहे. गरोदर बाई प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहते, सोबत लहान मूल आणि एक नातेवाईक राहू शकतो, आणि जेवणाची सोय होते. कल्पना चांगली आहे, पण तिचा उपयोग बाईच्या घरच्या अडचणींवर अवलंबून असतो. मागे राहिलेल्या मुलांना कोण सांभाळणार, शेळ्यांना कोण पाहणार, सोबत आलेल्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचे काय, या प्रश्नांची उत्तरे मिळतात तिथे माहेरघर भरलेले असते. उत्तरे मिळत नाहीत तिथे इमारतीला कुलूप दिसते आणि अहवालात ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा पडतो.

नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठचे पाडे पाण्याने वेढले गेले, तिथे तरंगते दवाखाने आणि बोट रुग्णवाहिका चालवाव्या लागल्या. काही दुर्गम भागांत मोटारसायकल रुग्णवाहिकाही वापरल्या जातात. आजही पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत झोळी करून रुग्णाला खांद्यावर आणावे लागते अशी गावे आहेत. या बाबतीत सार्वजनिक बांधकाम विभागाचे काम आरोग्य विभागाच्या कामाइतकेच जीवरक्षक आहे.

कुपोषणावर इतक्या योजना असूनही ते का हटत नाही?

योजनांचा इतिहास मोठा आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी आणि मेळघाट येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. तिने आरोग्य, धान्यपुरवठा, पाणी आणि रोजगार या विभागांची कामे एकत्र बांधण्याचा प्रयत्न केला आणि पावसाळ्यापूर्वीची तयारी, फिरती भरारी पथके व खावटीसारख्या (पावसाळ्यातील उदरनिर्वाहाच्या मदतीसारख्या) गोष्टींना बळ दिले. २०१५ च्या अखेरीस डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण, गरम जेवण मिळू लागले. पुढे लहान मुलांसाठी अंडी आणि केळी आली. तीव्र कुपोषित बालकासाठी गावात ग्राम बाल विकास केंद्र आणि आजारी असल्यास पोषण पुनर्वसन केंद्र अशी व्यवस्था आहे. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाचे बालक तीव्र कुपोषित समजले जाते. त्यासाठी लागणारी पट्टी अंगणवाडीत असते.

तरीही मूल पुनर्वसन केंद्रात वजन मिळवते आणि घरी परतल्यावर पुन्हा घसरते, याचे कारण त्याच्या घरात आहे. त्याची आई किशोरवयातच अशक्त होती, गरोदरपणी शेवटच्या दिवसापर्यंत मजुरीला गेली, बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मले आणि दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर राहिले नाही. पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात, घरातील धान्य संपलेले असते, रोजगार हमीची कामे थंडावलेली असतात, आणि नेमका तोच काळ जुलाब, हिवताप व न्यूमोनियाचा असतो. मेळघाटात बालमृत्यूंचे प्रमाण या महिन्यांत वाढते, हे तेथील प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. म्हणून जूनपूर्वी धान्य, औषधे आणि माणसे पाड्यावर पोहोचली आहेत का, हा प्रश्न वर्षाच्या शेवटी सादर होणाऱ्या अहवालापेक्षा मोठा आहे.

आणखी एक बाब. अंगणवाडीतील जेवण तिथे बसून खाल्ले तरच त्या बाईच्या पोटात जाते. डबा घरी गेला की तो साऱ्या घरात वाटला जातो, आणि यात तिला दोष देणे क्रूरपणाचे आहे. घरातील सर्वांना पुरेल इतके रेशन मिळणे हा म्हणूनच पोषण कार्यक्रमाचाच भाग आहे.

कुटुंब वर्षातील सहा महिने गावातच नसेल, तर आरोग्यसेवा कोणाला देणार?

दरी टिकून राहण्याचे हे फार मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे. दिवाळीनंतर नंदुरबारची कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला आणि शेतमजुरीला जातात, कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, मेळघाटातील कोरकू सपाटीवर कामाला उतरतात, आणि होळीला बहुतेक सारे परततात. मधल्या काळात गरोदर बाईची तपासणी चुकते, बाळाचा लसीचा डोस राहतो, क्षयरोगाच्या गोळ्या अर्धवट सुटतात. गावच्या नोंदवहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला, की ते नाव दोन्ही गावांच्या जबाबदारीतून निसटते.

मार्ग माहीत आहेत. जाण्यापूर्वी प्रत्येक गरोदर बाईला आणि कुपोषित बालकाला गाठणे, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत देणे, ज्या तालुक्यात ते जात आहेत तेथील आरोग्य अधिकाऱ्याला यादी पाठवणे, आणि होळीला परतल्यावर सर्वांची पुन्हा तपासणी करणे. परतीच्या आठवड्यांत खास मोहीम घेतली, तर वर्षभरात न सापडलेली बालके सापडतात.

स्थलांतराची किंमत केवळ आदिवासीच मोजतात असे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, खाडा झाला तर पैसे कापले जाणार, फडात शौचालय नाही आणि पाळीच्या त्रासावर साधे उपचार करणारी सरकारी सेवा जवळ नाही. अशा स्थितीत खासगी दवाखान्याने सुचवलेली शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. आरोग्य विभागाने एकट्याने हा प्रश्न सुटणार नाही. कामगार विभाग आणि साखर कारखाने यांना त्यात उतरावेच लागेल.

लोकच भगत-भुमकाकडे (गावातील पारंपरिक उपचार करणाऱ्यांकडे) जातात, सरकारी दवाखान्यात येत नाहीत, असे म्हटले जाते. मग दोष अंधश्रद्धेचा नाही का?

घातक प्रथा आहेत आणि त्यांबद्दल गप्प राहू नये. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईने डाग देण्याची ‘डम्मा’ नावाची प्रथा आहे. तिने बाळाला इजा होते आणि खरा उपचार लांबतो. परंतु लोक भुमकाकडे प्रथम का जातात, हेही विचारले पाहिजे. तो मध्यरात्री उपलब्ध असतो, त्यांची भाषा बोलतो, अपमान करत नाही आणि पैसे नसतील तर परत पाठवत नाही. कोरकू बोलणारी बाई दवाखान्यात मराठीतून विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही, तिच्यावर कोणी खेकसते, आणि ती पुन्हा येत नाही. तिच्या अनुभवाच्या आधारे पाहिले तर तिचा निर्णय समंजस ठरतो.

मेळघाटात आरोग्य विभागाने भुमकांच्या बैठका घेऊन, रुग्णाला दवाखान्यात पाठवणाऱ्या भुमकाला मानधन देण्याचा मार्ग अवलंबला. हा मार्ग मला योग्य वाटतो, कारण त्यात गावातील विश्वास मोडण्याऐवजी तो वापरला जातो. त्याच जोडीला प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कोरकू, माडिया, पावरी किंवा भिली बोलणारी, पगारी नेमणूक असलेली मदतनीस असायला हवी.

सिकलसेल हा रक्ताचा आजार आनुवंशिक आहे. मग तो विषमतेच्या चर्चेत कसा येतो?

आजार जन्मतः येतो. त्याचे परिणाम मात्र सेवेवर अवलंबून असतात. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, आदिवासींसह काही अनुसूचित जाती व इतर समाजांतही सिकलसेल आढळतो. लहानपणी निदान झाले, नियमित फॉलिक अॅसिड आणि गरजेनुसार हायड्रॉक्सियुरिया मिळाले, ताप आल्यावर तातडीने उपचार झाले, तर रुग्ण शिकू शकतो, संसार करू शकतो. निदान न झालेला रुग्ण तीव्र वेदनांनी तळमळत राहतो आणि गावात त्याला ‘कामचुकार’ म्हटले जाते. महाराष्ट्रात याविषयीचा कार्यक्रम पूर्वीपासून चालू आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले.

तपासणीचा आकडा गाठणे तुलनेने सोपे आहे. ज्यांना आजार असल्याचे समजले त्यांना दरमहा, घराजवळ, न चुकता औषध मिळते का, यावरच अभियान तोलले जावे. केवळ कार्ड हाती देऊन उपचार न देणे म्हणजे लग्नाच्या वयातील मुलीच्या कपाळी एक शिक्का मारणे होय.

दुर्गम भागात डॉक्टर नेमले की प्रश्न सुटेल का?

डॉक्टर हवेतच, आणि रिक्त पदांचे समर्थन होऊ शकत नाही. पण केवळ तेवढ्याने भागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातील निरक्षर, बहुतांशी दलित आणि गरीब स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवले. पिण्याचे पाणी, शेती, बचत आणि जातिभेद या साऱ्यांवर काम झाले आणि मगच आरोग्य सुधारले. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत जगाने ज्या प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला, तिच्या अनुभवसिद्ध उदाहरणांमध्ये जामखेडची गणना होत असे.

डॉक्टर टिकण्यासाठी राहण्याजोगे घर, मुलांची शाळा, वीज आणि ठरलेल्या मुदतीनंतर बदलीची हमी लागते. शिक्षा म्हणून भामरागडला पाठवलेला माणूस तिथे मनापासून काम करील अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. दुर्गम भागातील सेवेला पदव्युत्तर प्रवेशात आणि बढतीत वजन मिळाले पाहिजे.

विमा योजनेतून मोठ्या रुग्णालयात मोफत उपचार मिळत असताना या सर्वांची काय गरज?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने अनेक कुटुंबांना कर्जातून वाचवले आहे आणि ती हवीच. पण योजनेतील रुग्णालये मुख्यतः शहरांत आहेत, आणि न्यूमोनिया झालेले दोन महिन्यांचे बाळ शहरात पोहोचण्याआधीच जाते. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने (२०१७) आरोग्यावरील खर्चाचा दोन तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेवर व्हावा असे म्हटले आहे, ते याच कारणासाठी.

शहरातील वस्त्यांमध्येही असाच फरक आढळतो का?

होय. मुंबईत गोवंडी-देवनारचा भाग येणारा एम-पूर्व विभाग मानवी विकासाच्या मोजमापात शहरात तळाशी राहिलेला आहे, आणि तेथून काही किलोमीटरवर देशातील नामांकित रुग्णालये आहेत. इथे अडसर अंतराचा नाही. दाट वस्ती, कोंदट घरे, क्षयरोग आणि फक्त कामाच्या तासांतच उघडे असणारे दवाखाने हे अडसर आहेत. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये सुरू झाले, पण ग्रामीण भागासारखी उपकेंद्रांची घट्ट वीण शहरांत अजून नाही. सायंकाळी उघडे राहणारे दवाखाने हा येथील सर्वांत साधा आणि परिणामकारक बदल आहे.

कार्यक्रम खरोखर चालतो की कागदावरच असतो, हे गावकऱ्यांना कसे तपासता येते?

महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातील समिती ठरलेल्या प्रश्नांवर चर्चा करून सेवांना ‘चांगली’, ‘बरी’ किंवा ‘वाईट’ अशी श्रेणी देते, त्याचे रंगीत प्रगतिपत्रक गावात लागते, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर अनुभव मांडले जातात. बाहेरून औषधाची चिठ्ठी लिहिली जाणे, प्रसूतीसाठी पैसे मागितले जाणे, परिचारिका गावात न येणे असे प्रश्न यातून उघडपणे बोलले गेले आणि अनेक ठिकाणी सुटले. डॉक्टरांनाही याचा लाभ होतो, कारण औषधांचा तुटवडा किंवा रिक्त पद यांबद्दल गाव त्यांच्या बाजूने बोलू लागते.

मृत्यूंची खरी नोंद हाही देखरेखीचाच भाग आहे. २००१ मध्ये महाराष्ट्रातील तेरा संस्थांनी मिळून केलेल्या मोजणीतून असे दिसले, की बालमृत्यूंची खरी संख्या शासकीय नोंदींपेक्षा कितीतरी जास्त होती. मृत्यू नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याला नोटीस मिळत असेल, तर तो मृत्यू लपवणारच. म्हणून अधिक मृत्यू नोंदवणाऱ्या तालुक्याला शिक्षा न देता मदत द्यावी, आणि न नोंदवलेला मृत्यू सापडल्यास मात्र जाब विचारावा.

ग्रामसभेकडे आरोग्यासाठी पैसे असतात का, आणि तक्रार कुठे करावी?

प्रत्येक महसुली गावासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला दरवर्षी दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित (गावाच्या गरजेनुसार खर्च करता येणारा) निधी मिळू शकतो. आशा, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत सदस्य तिच्यात असतात; खर्चाचा हिशेब ग्रामसभेत मागण्याचा प्रत्येक गावकऱ्याला अधिकार आहे. पेसा कायद्याखालील (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालील) गावांना आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम थेट मिळते, आणि तिच्या वापरासाठी ठरवलेल्या बाबींत आरोग्य, स्वच्छता व शिक्षण यांचा समावेश आहे. अनेक ग्रामसभा हा पैसा बांधकामावरच संपवतात. त्यातून रुग्ण नेण्यासाठी वाहनभाडे, बाळंतिणीच्या सोबत्याची बुडालेली मजुरी किंवा पावसाळ्याआधीचा पाण्याचा उपचार असा खर्च करता येईल का, हे ग्रामसभेत मांडून पंचायत समितीकडून लेखी उत्तर घ्यावे.

तातडीच्या प्रसंगी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. गरोदर माता आणि एक वर्षाखालील आजारी बालक यांच्या मोफत वाहतुकीसाठी १०२ हा क्रमांक आहे. आरोग्याविषयीचा सल्ला आणि सेवेबाबतची तक्रार १०४ वर नोंदवता येते. सरकारी केंद्रात प्रसूतीसाठी, सिझेरियनसाठी, औषधांसाठी, रक्तासाठी किंवा घरी परतण्याच्या वाहनासाठी पैसे मागितले गेल्यास जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली या सेवा मोफत आहेत असे स्पष्ट सांगावे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. लिहिता येत नसेल तर आशा किंवा अंगणवाडी सेविकेची मदत घ्यावी. तक्रार तिच्याच केंद्राविरुद्ध असेल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) किंवा शाळेतील शिक्षकाकडून ती लिहून घ्यावी आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.